पश्चिमेची गॅलरी आणि दिवसभर बंद घर: सुरुवातीला कोणती झाडे लावावीत?

नवी_कुंडी

नमस्कार. आम्ही नुकतेच पुण्यात बाणेर परिसरात पाचव्या मजल्यावरच्या सदनिकेत राहायला आलो आहोत. बैठकीच्या खोलीला लागून असलेली गॅलरी पश्चिमेकडे तोंड करून आहे, समोर उंच इमारत नाही, त्यामुळे दुपारी एकच्या सुमारास ऊन येते ते थेट सूर्यास्तापर्यंत राहते. स्वयंपाकघराबाहेरची लहान ड्राय बाल्कनी उत्तरेला आहे. तिथे उजेड चांगला असतो, पण ऊन असे कधी येत नाही. आम्ही दोघेही नोकरी करतो आणि सकाळी आठ ते संध्याकाळी सात घर बंद असते. गणपतीत आठ-दहा दिवस कुडाळला गावी जातो आणि मे महिन्यातही एक आठवडा बाहेर असतो. मुलगी तीन वर्षांची आहे.

बागकामाचा मला अजिबात अनुभव नाही. माहिती शोधायला गेले, की ‘दहा सोपी झाडे’ अशा याद्या मिळतात, पण त्यांत ऊन कोणत्या बाजूचे, पाऊस किती, घर किती वेळ बंद, याचा विचार कोठेच दिसत नाही. रोपवाटिकेत गेले तर ‘हवा शुद्ध करणाऱ्या झाडांचा संच’ दाखवला आणि त्यातील स्नेक प्लांट रात्रीसुद्धा प्राणवायू देतो असे सांगितले. सासूबाईंची इच्छा तुळस असावी अशी आहे, माझी इच्छा थोडी फुले आणि स्वयंपाकाला उपयोगी पडेल असे काहीतरी असावे अशी आहे. रोज सकाळी दहा मिनिटे आणि रविवारी तासभर एवढाच वेळ मी देऊ शकेन. एवढ्यात निभावतील अशी झाडे आणि त्यांच्यासाठी योग्य कुंड्या यांविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

गच्चीवरची_बाग

आपण दिशा, वेळ आणि सुट्ट्या सांगितल्यात हे फार चांगले केलेत, कारण ‘सोपे झाड’ असे काही स्वतंत्र नसते. त्या जागेत आणि तुमच्या हाताला सोपे, एवढेच म्हणता येते. उत्तरेच्या बाल्कनीत वर्षानुवर्षे सुखाने राहणारा मनीप्लांट तुमच्या पश्चिमेच्या कठड्यावर ठेवला, तर एप्रिलमध्ये आठवडाभरात त्याची पाने करपतील, आणि सदाफुली उत्तरेला ठेवली तर ती मरणार नाही, पण एक फूल देताना वर्ष घेईल.

तुमच्या पश्चिमेच्या गॅलरीची खरी अडचण वेगळीच आहे. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून येतो. त्यामुळे मे महिन्यात जी जागा भट्टीसारखी तापते, तिथेच जुलैत पावसाचा मारा थेट कुंड्यांवर होतो. याद्यांमधली निम्मी झाडे ‘कमी पाणी चालणारी’ म्हणून सुचवलेली असतात आणि ती उन्हाळा उत्तम काढतातही, पण सततच्या ओलीने त्यांची मुळे कुजतात. कोरफड, अडेनियम (फुगीर खोडाचे फुलझाड), सदाफुली आणि ऑफिस टाइम (ऊन चढल्यावर फुलणारे बुटके फुलझाड) ही सगळी त्या गटातली. ती लावू नयेत असे मी म्हणत नाही, पण ती लहान कुंडीत लावावीत, म्हणजे जूनमध्ये उचलून भिंतीलगत, पावसाचा मारा लागणार नाही अशा जागी सरकवता येतील. सदाफुलीचे तर असे आहे, की जुने झाड पावसात गेले तरी तिच्या शेंगांतून पडलेले बी शेजारच्या चार कुंड्यांत आपोआप उगवलेले सापडते. त्यातली दोन ठेवावीत, बाकीची उपटावीत.

कठड्यालगत कायमची ठेवायची झाडे मात्र ऊन आणि पाऊस दोन्ही सोसणारी हवीत. माझ्या मते पहिला मान गवती चहाचा. एकदा बुंध्यासकट लावला की त्याला रोग नाही, कीड जवळजवळ नाही, आणि पाने कापत राहिलात तर तो अधिकच दाट होतो. त्याची पाती धारदार असतात, म्हणून मुलीचा हात सहज पोहोचणार नाही अशा कोपऱ्यात ठेवा. दुसरा गोकर्ण. बी रात्रभर भिजवून लावले की साधारण दीड-दोन महिन्यांत निळी फुले सुरू होतात, ग्रिलवर तो स्वतः चढतो आणि दुपारच्या उन्हाला एक हिरवा पडदा तयार होतो, ज्याच्या आडोशाला इतर नाजूक झाडे ठेवता येतात. तिसरी साधी लाल, एकेरी पाकळ्यांची जास्वंद. रोपवाटिकेत मोठ्या फुलांच्या, पिवळ्या-केशरी संकरित जाती समोर मांडलेल्या असतात. त्या दिसायला सुरेख असल्या तरी सुरुवातीला टाळाव्यात, कारण गावठी जास्वंदीचा काटकपणा त्यांच्यात नसतो. जागा असेल तर बोगनवेल, पण ती काटेरी असते आणि लाड करणाऱ्याच्या हाती फुलत नाही. पाणी थोडे तोडल्याशिवाय ती बहरावर येत नाही, त्यामुळे विसराळू माणसाला ती चांगली मानवते.

तुळशीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण बहुतेक घरांत तीच सर्वांत आधी वाळते आणि मग घरात उगाच मनाला लागते. तुळस हे फार वर्षे टिकणारे झाड नाही. कुंडीत ती दोन-तीन वर्षे चांगली राहते, थंडीत पाने गाळते, आणि मंजिऱ्या पिकू दिल्या की तिचा जोर बियांत जातो. म्हणून मंजिरी कोवळी असतानाच शेंडा खुडावा, त्या जागी दोन फांद्या फुटतात आणि झाड भरगच्च होते. कार्तिकात तुळशीच्या लग्नापर्यंत एक-दोन मंजिऱ्या मात्र राखून ठेवाव्यात आणि वाळल्यावर त्याच कुंडीत चुरडाव्यात, म्हणजे पुढची रोपे घरचीच मिळतात. तिला रोज तांब्याभर पाणी घालण्याची पद्धत उन्हाळ्यात ठीक आहे, पण पावसाळ्यात तीच तिच्या मुळावर येते. त्या दिवसांत पूजेचे पाणी पळीभरच घालावे. तुमची पश्चिमेची गॅलरी तुळशीला मानवेल, फक्त एप्रिल-मेमध्ये तिला गोकर्णाच्या आडोशाला सरकवा.

कुंड्यांच्या बाबतीत नवशिके लोक लहान कुंड्या घेतात, कारण त्या स्वस्त आणि सुबक असतात. प्रत्यक्षात लहान कुंडी हीच जास्त मेहनतीची असते. सहा इंचांच्या कुंडीतील माती मे महिन्यात सकाळी भिजवली तर दुपारीच कोरडी पडते. हलवायची नसलेली झाडे किमान 12 इंचांच्या कुंडीत लावा. मातीची कुंडी श्वास घेते, पण पश्चिमेच्या उन्हात ती लवकर सुकते. तुमच्यासारख्या दिवसभर बाहेर असणाऱ्यांना जाड, फिक्या रंगाची प्लास्टिकची कुंडी अधिक सोयीची. काळी नको, ती तापते. तळाला भोके आहेत याची खात्री करून घ्या, कारण काही कुंड्यांना फक्त भोकांच्या खुणा असतात आणि ती आपल्याला पाडावी लागतात.

माती म्हणून शेतातली काळी माती आणू नका. ती पाणी धरून ठेवते आणि वाळली की तिला भेगा पडतात. दोन भाग लाल किंवा पोयट्याची माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड, एवढे पुरते. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपाकडे मात्र नीट लक्ष द्या. अनेक रोपे आंध्रातील राजमहेंद्रीजवळच्या कडियम भागातून येतात आणि त्यांच्या मुळांभोवती चिकट लाल मातीचा घट्ट गोळा असतो. तो तसाच कुंडीत ठेवला तर वरून घातलेले पाणी गोळ्याच्या कडेने वाहून जाते आणि आतली मुळे कोरडीच राहतात, म्हणजे कुंडी ओली आणि झाड तहानलेले. पिशवी काढण्यापूर्वी रोप पिशवीसकट बादलीभर पाण्यात बुडवून ठेवा. बुडबुडे यायचे थांबले की बाहेर काढा, पिशवी कापा आणि बाहेरची माती बोटांनी हळूच सैल करा. मुळे तोडू नका, फक्त गोळ्याचा घट्टपणा मोडा.

पाणी रोज घालायचे असा नियम करू नका, पाहणी रोज करा. तर्जनी दोन पेरांपर्यंत मातीत खुपसावी. माती बोटाला चिकटली तर पाणी नको, कोरडी भुरभुरीत लागली तर तळातून पाणी येईपर्यंत घालावे. माती वाफशावर, म्हणजे ओलसर पण चिखल नसलेली, असताना पाणी घातले नाही म्हणून एकही झाड मरत नाही.

खाडीकाठचा

वरचा प्रतिसाद पुण्यासाठी अगदी योग्य आहे, तरी जास्वंदीबाबत माझे मत वेगळे आहे. तुळस आणि गवती चहा यांच्या रांगेत जास्वंदीला बसवू नये. गावठी असो वा संकरित, तिच्यावर पिठ्या ढेकूण (कापसासारखी पांढरी, रस शोषणारी कीड) येतोच, आणि रविवारी एकदाच झाडाकडे पाहणाऱ्या माणसाला तो दिसेपर्यंत शेंडे पांढरे झालेले असतात. लावायचीच असेल तर एक खूण लक्षात ठेवा. खोडावरून मुंग्यांची रांग वर जाताना दिसली, की कोठेतरी पिठ्या ढेकूण किंवा मावा आहे असे समजावे, कारण मुंग्या त्यांच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड रसासाठी येतात. त्याच दिवशी पाण्याचा जोराचा फवारा मारून शेंडे धुवावेत, आणि एक लिटर पाण्यात 5 मिलिलिटर निंबोळी तेल व चार थेंब भांड्यांचा द्रव साबण मिसळून ऊन उतरल्यावर फवारावे. भर उन्हात फवारले तर पाने भाजतात. जास्वंदीऐवजी मी तगर सुचवेन. देवाला पांढरी फुले मिळतात, ऊन-पाऊस सोसते आणि कीड बेताची.

हा धागा मुंबई-ठाण्याकडचे लोकही वाचतील म्हणून एक गोष्ट जोडतो. पुण्यात वर्षाला 700 ते 800 मिलिमीटर पाऊस पडतो, आमच्याकडे 2000 मिलिमीटरहून अधिक. त्यामुळे कोकोपीटचे प्रमाण आमच्याकडे निम्मे करावे आणि त्या जागी जाड वाळू किंवा विटांचा चुरा घालावा. अडेनियमचा नाद इकडे फक्त छपराखाली जागा असणाऱ्यांनी करावा.

पर्णहरित

वनस्पतिशास्त्र शिकवणे हा माझा व्यवसाय असल्याने ‘हवा शुद्ध करणाऱ्या संचा’विषयी लिहिणे भाग आहे. या समजुतीचे मूळ नासाच्या 1989 मधील एका अभ्यासात आहे. त्यात झाडे लहान, हवाबंद पेट्यांमध्ये ठेवून हवेतील काही रसायने किती घटतात हे मोजले होते. आपली घरे हवाबंद नसतात. दारे-खिडक्यांतून जेवढी हवा बदलते, तेवढे काम झाडांकडून करून घ्यायचे, तर जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरला किमान 10 आणि कदाचित त्याहून कितीतरी अधिक झाडे लागतील, असा हिशेब 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात मांडला आहे. खिडकी उघडणे यापेक्षा स्वस्त पडते.

स्नेक प्लांटच्या प्राणवायूची गोष्ट अर्धी खरी आहे. कोरफड, निवडुंग आणि स्नेक प्लांट यांसारख्या वनस्पती दिवसा पानांवरची छिद्रे मिटून घेतात, म्हणजे पाण्याची वाफ कमी होते, आणि रात्री ती उघडून कार्बन डायऑक्साइड आत साठवतात. प्राणवायू तयार होण्यासाठी मात्र प्रकाश लागतोच, आणि तो रात्री नसतो. याच पाणी वाचवण्याच्या युक्तीमुळे स्नेक प्लांट दोन-तीन आठवडे पाण्याविना राहू शकतो, आणि माझ्या मते तुमच्या उत्तरेच्या बाल्कनीसाठी तो घेण्याचे एवढे एक कारण पुरेसे आहे. त्याच्या जोडीला झीझी प्लांट घ्या. त्याच्या मातीखालच्या बटाट्याएवढ्या गाठींत पाणी साठलेले असते, म्हणून तो दुर्लक्षाने मरत नाही, पाणी जास्त झाल्यानेच मरतो.

आता मुलीविषयी, कारण हा मुद्दा वर आलेला नाही. रोपवाटिकांत हमखास दिसणारा ठिपक्याठिपक्यांच्या मोठ्या पानांचा डिफेनबाकिया लहान मूल असलेल्या घरात आणू नये. त्याच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, पान चावले तर तोंडाची आग होते आणि जीभ सुजते. खाजऱ्या अळूने घसा खवखवतो त्याचे कारणही हेच स्फटिक. मनीप्लांट आणि झीझी प्लांटमध्येही ते असतात, म्हणून ही दोन्ही झाडे तोंडात जाणार नाहीत एवढ्या उंचीवर ठेवा, आणि स्नेक प्लांटही त्यांच्याच शेजारी वर राहू द्या. कण्हेर मात्र लाल असो वा पिवळी, घरात नकोच. तिचे सर्व भाग विषारी आहेत आणि ते विष हृदयावर परिणाम करते. अडेनियम याच कुळातला, त्यामुळे त्याचा चीक हाताला लागल्यास हात धुवावेत, आणि तीन वर्षांची मुलगी खेळते त्या गॅलरीत मी तो सध्या लावणार नाही. सदाफुलीही त्याच कुळातली. तिच्यापासून कर्करोगावरची व्हिन्क्रिस्टिनसारखी प्रभावी औषधे मिळतात. नेमक्या याच कारणासाठी तिची पाने घरगुती उपाय म्हणून चावून खाऊ नयेत. मधुमेहावर म्हणून ती रोज खाणारी मंडळी आजही पुष्कळ भेटतात, म्हणून घरातील ज्येष्ठांनाही हे सांगून ठेवा.

नवी_कुंडी

सर्वांचे मनापासून आभार. अडेनियम आणि ‘संच’ दोन्ही यादीतून काढले आहेत. पश्चिमेला गवती चहा, गोकर्ण, तगर, तुळस आणि एक सदाफुली, उत्तरेला उंच फळीवर स्नेक प्लांट आणि झीझी प्लांट, असे ठरवते आहे. दोन शंका राहिल्या आहेत. गणपतीच्या आठ-दहा दिवसांत आणि मे महिन्यातील आठवड्यात झाडांचे काय करावे? आणि आमच्या सोसायटीत कुंड्यांचे पाणी खालच्या गॅलरीत गळते म्हणून तक्रारी होतात, त्यावर बशा ठेवणे हाच उपाय आहे का? स्वयंपाकासाठी कढीपत्ता लावावा असेही मनात आहे.

गच्चीवरची_बाग

गणपतीची काळजी करू नका, मे महिन्याची करा. भाद्रपदात पाऊस असतो, हवा दमट असते. निघताना बशा उलट्या करून ठेवल्यात आणि सदाफुली आत सरकवलीत की झाले. मे महिन्यात निघण्याच्या आदल्या संध्याकाळी सर्व कुंड्या तळातून पाणी येईपर्यंत भिजवा, मातीवर वाळलेल्या पानांचा किंवा नारळाच्या काथ्याचा तीन बोटे जाड थर द्या आणि उत्तरेच्या बाल्कनीत एकमेकींना चिकटवून ठेवा. घोळक्यातल्या कुंड्या एकट्या कुंडीपेक्षा हळू सुकतात. तगरीची कुंडी जड असते, ती जागची हलवता येणार नाही. तिच्यासाठी शेजारी उंचावर झाकण लावलेली पाण्याची बादली ठेवून, झाकणाच्या भोकातून सुती दोरीचे एक टोक बादलीच्या तळाशी आणि दुसरे मातीत चार बोटे खोल पुरा. दोरी आधी पूर्ण भिजवून घ्यावी लागते, कोरडी दोरी पाणी ओढायला सुरुवातच करत नाही. शिवाय जाण्यापूर्वी एक-दोन दिवस घरी असतानाच ही सोय चालते का ते पाहून घ्या. काही दोऱ्यांत नायलॉनची भेसळ असते आणि त्या नुसत्या लोंबत राहतात.

बशा ठेवाव्याच लागतील, पण पावसाळ्यात त्यांत पाणी साचू देऊ नका. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या वर, बशीच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही महिनोन्महिने तग धरतात, म्हणून दर रविवारी बशी घासणीने घासून धुवावी. तक्रारी टाळण्यासाठी कुंड्या ग्रिलच्या बाहेर लटकवू नका, आतल्या बाजूला जमिनीवर ठेवा. पाचव्या मजल्यावरून कुंडी पडली तर तो प्रश्न पाणी गळण्यापेक्षा कितीतरी गंभीर होईल.

खाडीकाठचा

कढीपत्ता विकत घेऊ नका. कुडाळला तुमच्या घरामागे त्याचे झाड असणार, आणि जुन्या झाडाच्या आसपास मुळांपासून फुटलेली वीतभर उंचीची रोपटी हमखास असतात. गणपतीत माती ओली असते, तेव्हा असे एक रोपटे खुरप्याने थोड्या मुळासकट आणि मातीच्या ढेकळासकट काढा, ओल्या फडक्यात गुंडाळून आणा आणि आल्याआल्या 12 इंचांच्या कुंडीत लावा. तिथेच पानओवा मिळाला तर त्याची एक फांदी तोडून आणा. ती नुसती मातीत खोचली तरी जगते, उत्तरेच्या बाल्कनीच्या उजेडातही बऱ्यापैकी वाढते आणि भज्यांना उपयोगी पडते. कढीपत्ता पहिले वर्षभर फारसा वाढलेला दिसणार नाही आणि थंडीत पाने गाळेल. तेव्हा झाड मेले असे समजून पाणी वाढवू नका, उलट कमी करा. फेब्रुवारीत नवी पालवी आली की मूठभर शेणखत द्या, आणि पाने एकेक ओरबाडून न घेता शेंड्याकडची काडीच खुडून फोडणीला घ्या, म्हणजे त्या जागी फांद्या फुटतील. आणल्यावर पहिले पंधरा दिवस मात्र ते रोपटे उत्तरेच्या बाल्कनीतच राहू द्या, आणि नवे पान दिसल्याशिवाय पश्चिमेच्या उन्हात नेऊ नका.